फेकीचे मास्तर

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे तीन प्रश्न ठरलेले असतात. न्यूयॉर्कच्या उंच इमारती पाहिल्यात का, नायगारा पाहिलात का, आणि तिकडे जेवणाखाण्याचे काय केलेत? पहिल्या दोहोंचे उत्तर मला 'नाही' असे द्यावे लागते आणि तिसऱ्याचे उत्तर 'बहिणीच्या हातचे जेवलो' इतके साधे, की विचारणाऱ्याचा अगदी विरस होतो. २०२३ च्या उन्हाळ्यात मी पाचसहा आठवडे अमेरिकेत होतो, आणि त्यांतला बराचसा वेळ मी एका कॉलेजातल्या मास्तरांकडे पाहण्यात घालवला. हे मास्तर वाङ्मय शिकवीत नाहीत की गणित शिकवीत नाहीत. ते मुलांना चेंडू फेकायला शिकवतात.

"फेकायला मास्तर कशाला? आपल्या स्टाफरूममध्ये दहा मिनिटे बसले की येते!" असे आमचे एक सहकारी म्हणाले. विनोद बरा होता; पण त्या मास्तरांची कथा मला विनोदापाशी सोडवेना.

माझी धाकटी बहीण बॅटन रूज नावाच्या शहरात राहते. लुइझियाना राज्याची ही राजधानी. 'बॅटन रूज' म्हणजे फ्रेंच भाषेत लाल काठी. १६९९ साली नदीवाटे आलेल्या फ्रेंचांना काठावर एक लाल खांब रोवलेला दिसला, त्यावरून हे नाव पडले. नदी म्हणजे मिसिसिपी. तिचे पाणी पावसाळ्यातल्या गोदावरीसारखे गढूळ, आणि पात्र एवढे खोल की समुद्रातली मोठमोठी जहाजे थेट इथवर येतात. काठावर ४५० फूट उंचीचे, चौतीस मजली राज्य-सचिवालय उभे आहे. ह्यूई लाँग नावाच्या जबरदस्त पुढाऱ्याने ते हट्टाने बांधवले; १९३२ मध्ये ते पुरे झाले आणि १९३५ मध्ये त्याच इमारतीत त्याला गोळी घातली गेली. हवा म्हणाल तर मृगाच्या आधीचे कोकण. सकाळी आठ वाजता सदरा अंगाला चिकटतो. मेहुणे रासायनिक कारखान्यात आहेत. ते म्हणाले, "दादा, इथे माणूस दोनदा अंघोळ करतो; एकदा न्हाणीघरात आणि एकदा रस्त्यावर."

गावाच्या दक्षिणेला लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचे आवार आहे. बुंध्याला बुटके पण फांद्यांनी वडासारखे पसरलेले ओक वृक्ष, त्यांच्या सावलीतून जाणारे रस्ते, आणि मधोमध एका मोठ्या कुंपणात चक्क एक जिवंत वाघ! वाघ हे या विद्यापीठाचे बोधचिन्ह. ते कागदावर ठेवून यांचे समाधान होत नाही. या वाघाच्या शेजारपाजारी खेळांची मैदाने आहेत. बेसबॉलच्या मैदानाला अ‍ॅलेक्स बॉक्स याचे नाव आहे. हा इथलाच खेळाडू, दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत कामी आला. या मैदानावर मी प्रथम मास्तरांना पाहिले.

बेसबॉल ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. आपला क्रिकेटचा गोलंदाज धावत येऊन टप्पा टाकतो. इथला पिचर दहा इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर उभा राहून चेंडू थेट फेकतो. कोपर वाकवायला त्याला पूर्ण मुभा, किंबहुना सारे मर्म त्या कोपरातच. समोर साठ फूट सहा इंचांवर फटका मारणारा उभा. त्याला तीनदा चकवले की तो बाद. चांगला पिचर ताशी शंभर मैलांनी, म्हणजे एकशे साठ किलोमीटरने चेंडू फेकतो. तो टोलवायचा की सोडायचा याचा निर्णय डोळ्याचे पाते लवायच्या आत करावा लागतो. म्हणून या खेळात सामना पिचरच्या हाती असतो, आणि ज्या कॉलेजाला जिंकायचे असते ते पिचर घडवण्यासाठी एक वेगळा मास्तर ठेवते.

या मास्तरांचे नाव वेस जॉन्सन. संघाच्या मुख्य शिक्षकांचे आडनावही जॉन्सनच, नाव जे. पण दोघांचे नाते नाही. १० जून २०२३ रोजी आमच्या देखत केंटकीच्या संघाला या मुलांनी १४-० असे लोळवले. त्या दिवशी चेंडू फेकत होता पॉल स्केन्स नावाचा आडदांड तरुण. हा मुलगा आधी हवाई दलाच्या अकादमीत शिकत होता आणि चेंडू फेकण्याबरोबरच तिथे तो झेलायचे, म्हणजे कॅचरचेही काम करीत असे. लुइझियानात आल्यावर ते सुटले आणि तो निव्वळ पिचर झाला. साऱ्या प्रेक्षकांचे डोळे त्याच्यावर. मी पाहत होतो ते बाकावरच्या मास्तरांकडे. आमच्या धंद्याचा माणूस ना! आरडाओरडा नाही, हातवारे नाहीत. तिकडे कॉलेजच्या खेळात कोणता चेंडू टाकायचा हेही पुष्कळदा बाकावरून ठरते. परीक्षेच्या वेळी आम्हाला वर्गात नुसत्या फेऱ्या मारायची परवानगी असते. यांना निदान प्रश्नाचा रोख सांगता येतो. पण पेपर लिहायचा तो मुलानेच.

घरी माझ्या बारा वर्षांच्या भाच्याला याच खेळाचे वेड. अंगणात त्याने एक जाळे टांगले आहे आणि त्यात तो रोज चेंडू फेकतो. शेजारी खुर्चीवर माझी बहीण वही घेऊन बसते आणि प्रत्येक फेकीची रेघ ओढते. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने एका दिवशी सामन्यात ८५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, आणि ६५ च्या वर टाकले तर पुढे चार दिवस विश्रांती घ्यावी, असा तिकडच्या बेसबॉल संस्थांचा दंडक आहे. बहिणीने तो अंगणालाही लावला होता.

"मामा, आईला सांग ना, हे सामन्याचे चेंडू नाहीत, सरावाचे आहेत," भाचा म्हणाला.

"दादा, कोपराला ते कळते का रे?" बहीण म्हणाली.

तिची काळजी खोटी नव्हती. कोपराच्या आतल्या बाजूला हाडांना बांधून ठेवणारा एक छोटासा पट्टा असतो. शंभर मैलांच्या फेकीचा सारा ताण त्या पट्ट्यावर येतो आणि एक दिवस तो फाटतो. पूर्वी तो फाटला की पिचरचा धंदा संपला. १९७४ मध्ये लॉस एंजेलिसला डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या डावखुऱ्या पिचरच्या उजव्या हातातला एक स्नायुबंध काढून डाव्या कोपरात बसवला. १९७६ मध्ये तो पुन्हा मैदानात उतरला आणि १९८९ पर्यंत खेळला. आयुष्यातल्या २८८ विजयांपैकी १६४ त्याने शस्त्रक्रियेनंतर मिळवले. तेव्हापासून त्या शस्त्रक्रियेलाच टॉमी जॉन म्हणतात. आता तर कॉलेजातली, शाळेतली मुलेही तिच्यासाठी डॉक्टरांच्या दारात उभी असतात. २०२३ च्या त्या एका मोसमात, ज्या संघाचे आम्ही कौतुक करीत होतो त्याच संघातल्या तीन पिचरांची कोपरे गेली. त्यांतला एक चेस शोर्स, पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. मास्तरांच्या हाती सोपवलेला माल असा काचेचा असतो. जास्त जोर मागावा तर फुटतो, न मागावा तर मुलगा मागे पडतो. वेगाला बाजारात भाव आहे, आणि हे मुलालाही ठाऊक, बापालाही ठाऊक.

कॉलेजच्या बेसबॉलचा शेवटचा मुक्काम म्हणजे नेब्रास्का राज्यातले ओमाहा शहर. १९५० पासून अंतिम स्पर्धा तिथेच भरते. देशभरातून चौसष्ट संघ निवडतात, त्यांतले आठ ओमाहाला पोचतात. तिकडचा खेळाडू 'ओमाहाला जायचे' हे शब्द ज्या सुरात उच्चारतो, तो सूर मला ओळखीचा वाटला. आषाढात आपल्याकडे 'पंढरीला जायचे' म्हणतात तोच. मेहुण्यांनी अंतिम फेरीच्या पहिल्या दिवसाची, २४ जूनची, तिकिटे आधीच काढून ठेवली होती. आपला संघ तिथवर पोचला तर उत्तम, नाही तर दुसऱ्यांची लढत पाहायची! २२ जूनला पहाटे आम्ही मोटारीने निघालो. अंतर हजार मैलांच्या घरात.

वाट आर्कान्सास राज्यातून जाते, आणि तेच मास्तरांचे राज्य. लिटल रॉक मागे टाकले की कॉनवे नावाचे गाव लागते. मेहुण्यांनी मोटारीतूनच बोट दाखवले. जॉन्सन मास्तरांनी आपली उमेदीची वर्षे याच राज्यात हायस्कुलातल्या पोरांना शिकवण्यात घालवली, आणि मग या कॉनवेच्या लहानशा विद्यापीठात चेंडूफेक शिकवली. पुढे टेक्सासमध्ये डॅलस बॅप्टिस्ट, २०१६ मध्ये मिसिसिपी स्टेट, २०१७ पासून आर्कान्सास विद्यापीठ. चेंडू किती फिरतो, पाय जमिनीला किती रेटा देतो, खांदा केव्हा वळतो, हे सारे यंत्राने मोजून शिकवणारा माणूस अशी त्यांची ख्याती झाली. पण ख्याती झाली म्हणजे बिऱ्हाड स्थिर झाले असे नव्हे. या धंद्यात दर दोनतीन वर्षांनी सामान बांधायचे असते. बदलीच्या नोकरीत आयुष्य काढलेल्या आपल्याकडच्या मामलेदाराला हे पटकन समजेल.

संध्याकाळी आम्ही फेएटव्हिल गावी मुक्काम केला. आर्कान्सास विद्यापीठ ते इथलेच. २०१८ साली इथला संघ ओमाहाच्या अंतिम फेरीत होता आणि पिचरांचे मास्तर होते जॉन्सन. पहिला सामना जिंकलेला. दुसऱ्यातही ३-२ अशी आघाडी, शेवटचा डाव, शेवटचा गडी. त्याने टोलवलेला चेंडू सरळ आकाशात चढला. तीन क्षेत्ररक्षक धावले आणि तिघांच्या मध्ये चेंडू जमिनीवर पडला! तो झेल झाला असता तर अजिंक्यपद हाती होते. जीवदान मिळालेल्या त्या गड्याने बरोबरी साधून दिली, आणि पाठोपाठ ट्रेव्हर लार्नक याने चेंडू सीमेपार भिरकावला. सामना गेला, दुसऱ्या दिवशी अजिंक्यपदही गेले. मास्तरांनी काय शिकवायचे राहिले होते? काहीच नाही. चेंडू बरोबर पडला होता, फटका चुकला होता, झेल दुसऱ्यांचा होता.

त्याच वर्षाच्या शेवटी मिनेसोटा ट्विन्स या नामांकित व्यावसायिक संघाने मास्तरांना बोलावले. कॉलेजातून उठून थेट देशातल्या सर्वोच्च पातळीवर पिचरांचे गुरू व्हायचे, हा मान तिकडेही सहसा कोणाला लाभत नाही. २०१९ मध्ये त्या संघाने १०१ सामने जिंकले. आणि योगायोग पाहा, ओमाहात ज्याने घास हिरावून घेतला तो लार्नकही पुढे त्याच संघात खेळू लागला!

मग २०२२ च्या जूनमध्ये, मोसम ऐन भरात असताना आणि संघ आपल्या गटात अव्वल असताना, मास्तरांनी राजीनामा दिला आणि ते पुन्हा कॉलेजात आले, लुइझियानात. पुष्कळ लोक चकित झाले, काही रागावलेही. कॉलेजने पगार अधिक दिला असे वृत्तपत्रांत आले. घरच्या ओढीबद्दलही बोलले गेले. व्यावसायिक संघ वर्षाला १६२ सामने खेळतो आणि त्यांतले निम्मे परगावी. बायकामुलांनी माणसाला पाहायचे ते पडद्यावर. लक्ष्मी आणि कुटुंब एकाच दिशेला बोलावत असताना जो जात नाही त्याला मी साधू म्हणेन. मास्तर साधू नाहीत, संसारी आहेत. मला त्यांतल्या त्यात एक गोष्ट दिसते. वरच्या पातळीवर तयार माणसे मिळतात, त्यांना तेलपाणी करायचे. कॉलेजात मिळतो तो अठरा-वीस वर्षांचा मुलगा, अजून अर्धा घडलेला. ज्याला घडवण्याची चटक लागली त्याला तेलपाण्यात किती दिवस गोडी वाटावी?

त्या रात्री फेएटव्हिलच्या खोलीत आम्ही चौघे पलंगावर मांडी घालून दशम्या आणि लसणाची चटणी खात सामना पाहत होतो. समोर वेक फॉरेस्टचा बलाढ्य संघ. स्केन्सने आठ डाव टाकले, १२० चेंडू. समोरच्यांना फक्त दोनदा धड टोलवता आले. तरी दोन्ही बाजूंना भोपळाच. अकराव्या डावात टॉमी व्हाइटने चेंडू सीमेपार मारला आणि २-० असा सामना संपला. भाच्याने एवढी आरोळी ठोकली की बहिणीने आधी दार लावून घेतले. आता २४ तारखेला आपलाच संघ!

ओमाहा हे मिसुरी नदीवरचे शहर. पलीकडच्या काठाला आयोवा राज्य; मैदानाजवळ पादचाऱ्यांसाठी एक झोकदार पूल आहे, त्याच्या मध्यावर एक पाय नेब्रास्कात आणि एक आयोवात ठेवून लोक छायाचित्रे काढतात. आम्हीही काढले. ही मिसुरी पुढे सेंट लुईसजवळ मिसिसिपीला मिळते, म्हणजे इथले पाणी अखेर बॅटन रूजवरून जाते. त्या दिवसांत बॅटन रूजची माणसेच उलट प्रवाहाने इथे आली होती. रस्तोरस्ती जांभळे-पिवळे सदरे. एका उपाहारगृहात जेलीत घातलेल्या मद्याच्या इवल्या वाट्या कोणत्या संघाचे लोक जास्त रिचवतात याची दरसाल चढाओढ लागते. त्या वर्षी लुइझियानावाल्यांनी ६८,८८८ वाट्या संपवून विक्रम केला. वारीत टाळ-मृदंगाच्या जागी काय असावे हे ज्याच्या त्याच्या संप्रदायावर अवलंबून!

मास्तरांविषयी एक बातमी इथे येण्यापूर्वीच फुटली होती. अथेन्स गावच्या जॉर्जिया विद्यापीठाने त्यांना मुख्य शिक्षक नेमले होते. म्हणजे पुन्हा बिऱ्हाड. पण हाती घेतलेली मुले अर्ध्यावर न सोडता ते ओमाहापर्यंत आले होते.

२४ जूनला फ्लॉरिडाविरुद्ध चेंडू फेकायला आला तो स्केन्स नव्हे, टाय फ्लॉइड. वर्षभर हा स्केन्सच्या सावलीत होता. त्या संध्याकाळी त्याने आठ डावांत सतरा जणांना तीन-तीनदा चकवून परत पाठवले. १९७२ नंतर ओमाहात एका पिचरने नऊ डावांच्या हिशेबात असे करून दाखवले नव्हते. सामना ४-३ असा अकराव्या डावात जिंकला. पहिल्या नंबराचा विद्यार्थी पहिला आला तर मास्तरांचे श्रेय किती, हा वादाचा विषय. पण दुसऱ्या बाकावरचा मुलगा असा उजळला की वर्गाचे दिवस कसे गेले असतील ते कळते.

परतीच्या वाटेवर, २५ तारखेला, मोटारीत ऐकले की फ्लॉरिडाने दुसरा सामना २४-४ असा जिंकला. मेहुण्यांनी नुसता 'अरेरे' म्हणून वेग वाढवला. आता २६ जूनचा तिसरा सामना निर्णायक. गावोगाव एकच चर्चा, उद्या स्केन्सला टाकायला लावतील का? चारच दिवसांपूर्वीचे ते १२० चेंडू! पण सहा महिन्यांची तपश्चर्या पणाला लागलेली, आणि मुलगा नाही म्हणणारा नव्हे. बहीण मागच्या बाकावरून एवढेच म्हणाली, "त्याची आई काय म्हणत असेल?"

घरी पोचून पडद्यासमोर बसलो तेव्हा उंचवट्यावर थॅचर हर्ड होता. पहिल्याच डावात त्याच्यावर दोन धावा झाल्या. भाचा नखे खाऊ लागला. पण हर्डला तिथेच ठेवले गेले आणि तो सावरला. सहा डाव त्याने खिंड लढवली. इकडे फलंदाज पेटले, आणि १८-४ असा सामना संपला. विद्यापीठाचे ते सातवे अजिंक्यपद. स्केन्सने एकही चेंडू टाकला नाही. आघाडी मोठी झाल्यावर त्याची गरज उरली नाही हे खरे. पण सामना सुरू झाला तेव्हा आघाडी नव्हती, आणि तेव्हाही चेंडू हर्डच्याच हाती दिलेला होता.

स्केन्सने त्या मोसमात २०९ गडी चकवून बाद केले. याच विद्यापीठाच्या बेन मॅक्डोनल्डचा १९८९ मधला २०२ चा उच्चांक मोडला. महिन्याभरात पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने त्याला देशातला पहिला म्हणून निवडले. हे पायरेट्स आपल्याला अगदीच परके नाहीत. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू २००८ मध्ये एका स्पर्धेतून निवडले जाऊन अमेरिकेला गेले, तेव्हा याच संघाने त्यांच्याशी करार केला होता. त्यांना लॉस एंजेलिसमध्ये तयार केले टॉम हाउस यांनी, आणि तेही त्या काळी एका विद्यापीठात पिचरांचे मास्तर होते. दोघे वरपर्यंत पोचले नाहीत. रिंकूलाही अखेर कोपराने दगा दिला. स्केन्स मात्र २०२४ मध्ये सर्वोत्तम नवोदित आणि २०२५ मध्ये आपल्या लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला.

आम्हा शिकवणाऱ्यांच्या हातून विद्यार्थ्याला जास्त अभ्यास सांगितला गेला तर फार तर तो जांभया देतो. जॉन्सन मास्तरांना मात्र रोज ठरवावे लागते की आणखी मागायचे की आता पुरे म्हणायचे. बरोबर ठरले तर टाळ्या मुलाला. चुकले तर चिरही मुलाच्याच हातावर.

२०२५ च्या जूनमध्ये लुइझियानाचा संघ पुन्हा ओमाहाला जिंकला. अंतिम सामन्यात कोस्टल कॅरोलायनाविरुद्ध शेवटचे चेंडू टाकायला आला तो चेस शोर्स. दोन वर्षांपूर्वी कोपर कापून घेतलेला तोच मुलगा. जॉन्सन मास्तर तेव्हा अथेन्सला होते, निराळ्या मुलांबरोबर. शोर्सच्या आनंदात त्यांचे नाव कोणी घेतले की नाही, मी पाहिले नाही. आमच्याकडे पहाट व्हायच्या आत भाच्याचा निरोप आला, "मामा, शोर्सचा हात बरा आहे!"

भाचा आता चौदा वर्षांचा झाला आहे. त्या वयाला दिवसाला ९५ चेंडूंची परवानगी असते. वहीतला आकडा त्याप्रमाणे वाढला आहे. वही मात्र अजून बहिणीकडेच आहे.